चुकलेला दिवस कोरा राहू दे

«ताई, माझं वय ३४. गेली तीन वर्षं मी स्वतःला सुधारायच्या मागे आहे. पहाटे उठणं, ध्यान, वाचन, व्यायाम, फोन कमी बघणं अशा ११ गोष्टींचा तक्ता वहीत आखलाय. एखादा दिवस चुकला की सगळंच फिसकटल्यासारखं वाटतं आणि मी नवी वही घालते. अशा ९ वह्या झाल्या. गेल्या आठवड्यात ध्यानाच्या वेळी धाकट्या भावाचा फोन आला. आवाज रडवेला होता. ‘नंतर कर’ म्हणून मी फोन ठेवून दिला. मग तक्त्यात ध्यानापुढे बरोबरची खूण केली आणि ती खूण बघून मला स्वतःचीच लाज वाटली. मी खरंच सुधारतेय का?»

तू मला ताई म्हटलंस, म्हणून अगं-तुगंच करते. तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या खुणेपाशी अडखळले. वहीने तुला शाबासकी दिली आणि तुझ्या मनाने ती घेतली नाही. तुझं मन ताळ्यावर आहे, हे मला तिथेच कळलं. त्या लाजेला घाबरू नकोस. तीन वर्षांत तुला काही नेमकं सांगितलं असेल, तर ते तिने.

वहीत काय मावतं बघ. किती वाजता उठलीस, किती पानं वाचलीस, किती मिनिटं बसलीस. भावाचा आवाज कापरा झालाय हे ओळखून डोळे उघडणं कुठल्या रकान्यात लिहिणार? आणि ध्यान तरी आपण कशासाठी करतो गं? समोरच्याचं नीट ऐकू यावं, इतकं मन निवांत व्हावं म्हणूनच ना? त्या दिवशी ध्यान तुझ्या दाराशी आलं होतं, फोनच्या रूपाने. तू त्याला परत पाठवलंस, कारण वहीतली वेळ भरायची होती.

हे मी उंचावर बसून सांगत नाही. माझी मुलगी कॉलेजात असताना एकदा मला म्हणाली, ‘आई, तू ऐकत नसतेस, उत्तर शोधत असतेस.’ मी तेव्हा लोकांच्या पत्रांना उत्तरं द्यायला लागले होते आणि आपल्याला माणसं कळतात असं मानून चालले होते. तिचं ते वाक्य पचायला मला फार दिवस लागले. अजूनही कुणी बोलत असताना माझ्या मनात उत्तर तयार व्हायला लागतं. फरक एवढाच, की आता ते माझ्या लक्षात येतं आणि मी गप्प बसते. कधी बसते, कधी नाही.

आता त्या ९ वह्या. २१ दिवसांत सवय लागते, असं तूही ऐकलं असशील. त्याचं मूळ मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या लिखाणात सापडतं. रुग्णांना आपल्या बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान २१ दिवस तरी लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. त्यातलं ‘निदान’ पुढे गळून गेलं आणि २१ चा नियम झाला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना एकेकच नवी सवय निवडायला सांगून १२ आठवडे नोंदी ठेवायला लावल्या. २००९ मध्ये आलेल्या त्यांच्या निष्कर्षांत सवय अंगवळणी पडायला लागणारा काळ माणसागणिक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत निघाला (१२ आठवड्यांपलीकडचे आकडे नोंदींवरून बांधलेले अंदाज), मधला आकडा ६६. तुझ्या कामाची गोष्ट पुढेच आहे: एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात म्हणावा असा खंड पडत नव्हता. म्हणजे चुकलेल्या दिवसाने तुझं फारसं काही बिघडवलं नाही, दर वेळी पहिल्या पानावर परत जाण्याने बिघडवलं. आणि ती माणसं एकच सवय धरून होती, तू अकरा.

तेव्हा दहावी वही घालू नकोस. नववीच चालू ठेव, चुकलेला दिवस कोरा सोड आणि पुढच्या ओळीवर जा. अकरातल्या दहा सध्या बाजूला ठेव. कुठली एक धरायची ते मी सांगणार नव्हते, पण मला राहवत नाही: तोडून न बोलणं. पहाटे उठणं नंतर बघता येईल. ‘मी प्रेमाने वागेन’ असं मात्र ठरवू नकोस, ते हातात येत नाही. ‘काम करताना घरच्या कुणाचा फोन आला, की आधी “काय झालं?” एवढं विचारीन’ असं ठरव. प्रसंग आणि कृती जोडून ठरवलेलं वेळेवर आठवतं.

रात्री खुणा करण्याऐवजी एक जुनी रीत करून बघ. रोममधला तत्त्वज्ञ सेनेका दिवा मालवल्यावर, बायको गप्प झाली की, दिवसभराचं आपलं वागणं-बोलणं आठवून बघायचा. काही लपवायचं नाही, काही गाळायचं नाही. आणि स्वतःला म्हणायचा, पुन्हा असं करू नकोस, या वेळी तुला माफ करतो. रागावर लिहितानाच त्याने हे सांगितलंय. मला त्यातली माफी फार मोलाची वाटते. तू दिवसाचा हिशेब घेतेस, पण माफ कधीच करत नाहीस, लगेच वहीच बदलतेस.

आणि हे स्वतःला बोल लावणं इतकं वाढलं असेल की झोप उडालीय, कशात मन लागत नाही, तर समुपदेशकाकडे जा. त्यात कमीपणा नाही.

भावाला पुन्हा फोन केलास का, हे तू पत्रात लिहिलं नाहीस. केला नसशील तर आज कर. वहीबद्दल, सुधारण्याबद्दल, अपराधी वाटण्याबद्दल त्याला काही सांगत बसू नकोस. ‘त्या दिवशी काय झालं होतं रे?’ एवढं विचार, आणि तो बोलत असेल तोवर मध्ये बोलू नकोस.

— तुझी ताई