बेळगावहून गोव्याला एका दिवसात खरेदी करून येणं परवडतं का? काय आणावं?

परवडतं, पण शुक्रवारीच जा. त्या दिवशी म्हापशाचा आठवड्याचा बाजार असतो. पहाटे निघून जांबोटी, कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरायचा, म्हणजे उन्हं चढायच्या आत पोचता.

भाजी मात्र तिथं घेऊ नका. गोव्यातली बरीचशी भाजी आपल्याच बेळगावातून जाते, भाडं धरून आपलाच माल महाग पडेल. आणायचं ते सुके बांगडे, सुकट, सोलं, म्हणजे आमसुलं, आणि मोयरा गावची जाडजूड केळी. मे महिना सर्वात चांगला, कारण गोवेकर तेव्हा पावसाळ्याची बेगमी, म्हणजे पुरुमेंत, भरत असतात आणि माल भरपूर येतो. सोलं बोटांनी दाबून बघा: काळपट, मऊ हवीत, कडकडीत वाळलेली नकोत. सुकट मुठीत घेतल्यावर ओलसर लागली तर सोडून द्या, घरी येईपर्यंत वास मारेल. सुक्या मासळीला झाकणाचा डबा घरूनच न्या, नाहीतर घाटात गाडीत बसवत नाही. भाव बिनधास्त करा, कोकणी-मराठीत बोललात की बाई दोन पैसे कमी करतेच.

दारू स्वस्त दिसते म्हणून डिकी भरू नका. हद्दीवर अबकारीवाले गाड्या तपासतात, कर्नाटकात ती परवान्याशिवाय आणणं गुन्हा ठरतो. फक्त दोन किलो सोलांसाठी एवढं डिझेल जाळू नका, शेजारच्या दोन घरांची यादी घेऊन जा.