भाऊ येरवड्याला, ताई रीडिंगला

इंग्लंडमधल्या रीडिंगहून एका ताईंचं पत्र आलंय. धाकटा भाऊ पाच महिने येरवड्याला आहे. पुण्यात एका फर्ममध्ये हिशेब बघायचा, फसवणुकीच्या केसमध्ये मालकाबरोबर त्यालाही उचललं. सत्तरीची आई सिंहगड रोडला एकटी. "मी पैसे पाठवते, बाकी काय करू सुचत नाही. मुलाला, तो नऊ वर्षांचा आहे, मामा दुबईला गेलाय असं सांगितलंय. मंडळाच्या गणपतीला यंदा गेलेच नाही. शिक्षेचा एक-तृतीयांश काळ आत काढला की सोडतात असं ऐकलंय, ते खरं का?"

ताई, पैसे पाठवताय ते योग्यच. पण अशा केसमध्ये पैशाइतकीच चणचण असते ती कागद नीट बघणाऱ्या माणसाची. घरचे कोर्टाच्या आवारात उभे राहून थकलेले असतात. वकील सांगतात "तारीख पडली", आई घरी येऊन तेच सांगते, आणि ती का पडली हे कुणालाच माहीत नसतं. हे काम रीडिंगहून होतं. उलट तिथूनच जास्त शांत डोक्याने होतं.

वकिलांकडून केसचा सीएनआर नंबर, म्हणजे कोर्टाने केसला दिलेला ओळख क्रमांक, मागून घ्या. सोळा अक्षर-अंकांचा असतो, महाराष्ट्रातला 'एमएच'ने सुरू होतो. कोर्टांच्या सरकारी ई-कोर्ट्स ॲपवर तो टाकला की पुढची तारीख आणि बरेचदा त्या दिवसाचं कामकाजही एक-दोन ओळींत दिसतं. पुण्यात संध्याकाळचे सहा म्हणजे उन्हाळ्यात तुमच्याकडे दुपारचा दीड, जेवणाच्या सुट्टीत बघून होईल. एक वही ठेवा: तारीख, भावाला हजर केलं का, प्रत्यक्ष की व्हीसीवर (व्हिडिओ कॉलने), पुढची तारीख कशासाठी. ओळीने तीन तारखांना हजरच केलं नसेल तर वकिलांना विचारायला मुद्दा हातात येतो.

मग कलमं बघा. सगळा हिशेब तिथे आहे. गुन्हा १ जुलै २०२४ पासूनचा असेल तर फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं ३१८(४) लागतं, आधीचा असेल तर आपलं जुनं ४२०. दोन्हींत शिक्षा जास्तीत जास्त सात वर्षं. पण जोडीला विश्वासाने सोपवलेल्या पैशांच्या अपहाराचं ३१६(५) किंवा जुनं ४०९ लावलं असेल, आणि पैशांच्या केसमध्ये ते सर्रास लावतात, तर गोष्ट जन्मठेपेपर्यंत जाते. पहिल्या प्रकारात दोषारोपपत्राची मुदत ६० दिवस, दुसऱ्यात ९०. ती हुकली आणि पत्र दाखल होण्याआधी अर्ज केला, तर जामीन हक्काने मिळतो. तुमच्याकडे पाच महिने झालेत, म्हणजे पत्र बहुधा दाखल झालेलं असणार. वकिलांना विचारा, पण त्यावर फार आस लावू नका. तपास संपला, आता आत ठेवून काय साधणार, हा मुद्दा घेऊन नवा अर्ज मात्र करता येतो.

तुम्ही ऐकलेला "एक-तृतीयांश" नियमही खरा आहे, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे फौजदारी खटल्यांच्या कार्यपद्धतीच्या नव्या कायद्याचं, ४७९ वं कलम. आधी कधी शिक्षा झालेली नसेल, तर कमाल शिक्षेचा एक-तृतीयांश काळ आत काढल्यावर बंधपत्रावर सुटका होते, आणि त्यासाठी कोर्टाला लेखी कळवणं हे तुरुंग अधीक्षकांचं काम आहे. सात वर्षांचा एक-तृतीयांश म्हणजे दोन वर्षं चार महिने. जन्मठेपेचं कलम असेल किंवा दुसऱ्याही केस चालू असतील तर हा नियम लागू नाही.

जामीन मंजूर झाला तरी माणूस बहुधा त्याच दिवशी बाहेर येत नाही. बहुतेकदा हमीदार लागतो, आणि तो शक्यतो तिथलाच हवा: सातबारा, घरपट्टीची पावती, पगाराची स्लिप असलेला मामेभाऊ वगैरे. तुमचा परदेशातला पगार इथे कामाचा नाही. माणूस आत्तापासून बघून ठेवा. कोर्टाबाहेर भाडोत्री जामीनदार मिळतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. तसंच "आत सोय लावतो" म्हणणाऱ्या फोनला एक पौंडही नको. वकिलांची फी झेपेना झाली तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. कोठडीतल्या माणसाला हा हक्क १९८७ च्या कायद्याने दिलाय, त्यात कमीपणा नाही.

आता आई. माझा आतेभाऊ चौदा महिने आत होता, तेव्हा आत्याबरोबर मी मुलाखतीला, म्हणजे तुरुंगातल्या भेटीला, जायचे. संक्रांतीला तिने तिळगूळ नेला होता, स्टीलच्या डब्यात. गेटवर परत केला. आत्या काही बोलली नाही, रांगेतल्या बायकांच्या हातावर एकेक वडी ठेवत गेली, आणि आत काचेपलीकडच्या मुलाला फोनवर म्हणाली, "वाटला सगळा." १९३२ साली गांधीजींनी येरवड्यातच उपोषण केलं, हे तिला धीर म्हणून निदान चार जणांनी सांगितलं होतं. तिला हवं होतं रिक्षाने सोबत येणारं कुणीतरी. तुमच्या पैशातून ते करा: मुलाखतीच्या दिवशी ठरलेली रिक्षा आणि ठरलेली एक भाची. ई-मुलाकातची, म्हणजे तुरुंगातल्या भेटीसाठीच्या सरकारी ऑनलाइन सोयीची, नोंदणीही त्या भाचीलाच करू दे, ओटीपीच्या भानगडीत आईला पाडू नका. आणि परत आल्यावर फोन केलात की पहिला प्रश्न "तो कसा होता" नको, "तू जेवलीस का" असू दे.

मुलाला खरं सांगा. दुबईचा मामा व्हिडिओ कॉल का करत नाही, हे त्याला केव्हाच खटकलं असणार. "मामावर पैशांबद्दल आरोप आहे. खरं काय ते कोर्ट ठरवेल. तोवर त्याला जेलमध्ये राहावं लागतंय. आजी त्याला भेटते." इतकं पुरे. त्याने चूक केली का, असं विचारलं तर "मला माहीत नाही" म्हणा, खरोखर माहीत नसेल तर. शाळेत सांगायचं की नाही हे त्यालाच ठरवू द्या.

मंडळासाठी एकच वाक्य पाठ करा: "घरी कोर्टाचं चाललंय, बोलायला नको वाटतं." २०२२ च्या सरकारी आकड्यांनुसार देशातल्या तुरुंगांत चारातले तीन जण कच्चे कैदी होते, खटला अजून संपायचा असलेले. मंडळात तुमच्यासारखं आणखी एखादं घर असेलही. पुढच्या गणपतीला निदान आरतीपुरतं जाऊन या.

भाऊबीजेला पत्र टाका, पोस्टाने, मराठीत. ते आत उघडून वाचलं जातं, म्हणून केसबद्दल एक अक्षरही नको. पाकिटावर त्याचं, वडिलांचं नाव आणि बंदी क्रमांक घाला. बाकी काहीही लिहा: तिकडे आता लवकर अंधार पडतो, मुलाचा दात पडला, चकल्या फसल्या.