जपानी फ्यूजन जेवण आणि शाकाहार

प्रश्न : मालदीवच्या रिसॉर्टमधील जपानी फ्यूजन रेस्तराँमध्ये माझ्या शाकाहारी सासूबाईंना काय खाता येईल?

उत्तर : मेनूकार्डावर केवळ भाज्यांची नावे दिसली, म्हणून निश्चिंत होऊ नका. जपानी स्वयंपाकाचा पाया असलेले दाशी हे पातळ सार बहुधा कोंबू हे समुद्रशैवाल आणि बोनिटो माशाचे धुरी देऊन वाळवलेले काप यांपासून करतात, आणि ते मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचे वाटण) सूपमध्येच नव्हे, तर भाज्यांच्या टेंपुराबरोबर (पिठात बुडवून तळलेली जपानी भजी) येणाऱ्या सॉसमध्येही असते. मालदीवमध्ये टूना धुरावून वाळवण्याची स्वतःची जुनी परंपरा असल्याने स्थानिक वळणाच्या पदार्थांबाबतही विचारलेले बरे.

मात्र कोंबू आणि वाळवलेल्या शिताके अळंबीचे निव्वळ शाकाहारी दाशी जपानच्या बौद्ध मठांत रूढ आहे. ते हवे असल्याचे आदल्या दिवशीच कळवावे, कारण अळंबी भिजायला काही तास लागतात. ऐनवेळी सांगितल्यास बहुधा सॅलडवर बोळवण होते. काकडी किंवा अ‍ॅव्होकाडोची माकी (समुद्रशैवालात गुंडाळलेली भाताची सुशी) आणि मीठ लावलेले एदामामे (सोयाबीनच्या कोवळ्या शेंगा) सहसा चालतील. तेप्पान्याकीच्या (लोखंडी सपाट तव्यावर भाजण्याची जपानी पद्धत) तव्यावर मासे-मांसही भाजले जात असल्याने सासूबाईंसाठी वेगळे भांडे मागावे.