ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी हे तपास

विमान उडवण्याचा गेम मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर अडखळतोय म्हणून नवं ग्राफिक्स कार्ड घ्यायची घाई करू नकोस. गेममध्ये डेव्हलपर मोड चालू करून एफपीएसची (दर सेकंदाला किती चित्रं दिसतात त्याची) चौकट उघड आणि एखाद्या मोठ्या विमानतळावर विमान उभं करून बघ. तिथे ‘लिमिटेड बाय मेनथ्रेड’ असं दिसलं, तर अडलंय प्रोसेसरपाशी. कितीही महागडं कार्ड लावलंस तरी विमान अडखळतच राहणार. आधी टेरेन लेव्हल ऑफ डिटेल (जमिनीचा तपशील किती दाखवायचा ते) आणि विमानतळावरची वाहतूक कमी कर, फुकटात फरक पडतो. मदरबोर्ड एएम४ (एएमडी प्रोसेसरचा एक सॉकेट) असेल तर माझी पसंती रायझन ७ ५८००एक्स३डी या प्रोसेसरला. त्याची ९६ एमबी एल३ कॅश (चिपमधलीच वेगवान मेमरी) या सिम्युलेटरला फार मानवते. मात्र चिप बसवण्याआधी बायोस (मदरबोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करच, नाहीतर स्क्रीन काळीच राहू शकते. रॅम ३२ जीबी घे, दोन स्टिकमध्ये.