नारळ फोडायचा की वाढवायचा?

प्रश्न असा आला आहे: नव्या दुकानाच्या उद्घाटनाच्या पत्रिकेत 'नारळ फोडून' असं लिहिलं होतं, घरातल्या थोरल्यांनी ते खोडून 'श्रीफळ वाढवून' केलं. वाढवणे म्हणजे मोठं करणे, मग फोडण्याला वाढवणं का म्हणायचं? आणि हे कुठल्या संस्कृत धातूवरून आलंय का?

पत्रिकेत 'वाढवून'च राहू द्या. का, ते सांगतो, पण त्यासाठी आधी माझ्या आजीला मध्ये आणावं लागेल.

आमच्या घरी शब्दांचं सोवळं कडक होतं. निघताना तोंडून 'जातो' गेलं की आजी उंबऱ्यावरून परत बोलवायची आणि 'येतो' म्हणवून घेऊनच सोडायची. देवापुढचा दिवा विझत नसे, शांत होत असे. दिवेलागणीनंतर साप हा शब्द घरात नव्हता, लांबडं होतं. डब्यातले तांदूळ कधी संपत नसत, वाढत. धाकटी काकू लग्न होऊन आली, तिच्या माहेरी हे काही नव्हतं. 'कुंकू वाढलंय गं' असं आजीनं सांगितल्यावर ती म्हणाली, 'बरं झालं, मग या बाजाराला नको आणायला.' करंडा चार दिवस रिकामा राहिला.

मी दुसरीत असेन. विहिरीवर धुणं आपटताना याच काकूची बांगडी फुटली. मी ओरडतच घरात शिरलो, 'आजी, काकूची बांगडी फुटली!' आजी ताक घुसळत होती. तसाच ओला हात तिनं माझ्या तोंडावर दाबला. 'वाढली म्हणावं.' धडा पक्का बसला, जरा जास्तच. पुढच्या आठवड्यात दप्तर आपटून पाटी फुटली तेव्हा मी गुरुजींना उभा राहून सांगितलं, 'माझी पाटी वाढली.' पुढे वर्षभर पोरं विचारत होती, किती वाढली?

पण त्या चुकीतच या शब्दाचं व्याकरण आहे. पाटी फुटते, कप फुटतो, आरसाही फुटतो. वाढते ती बांगडी, वाढतं ते मंगळसूत्र. चटणीसाठी नारळ आजीसुद्धा बिनदिक्कत फोडायची, देवापुढचा मात्र वाढवायची. म्हणजे वाढणे हा फुटण्याचा सरसकट प्रतिशब्द नाही. वस्तू मंगल असेल किंवा प्रसंग मंगल असेल, तरच तो चालतो.

आणि फोडण्यात एवढं वाईट काय होतं, ते मला आजोबा गेले त्या दिवशी कळलं. न्हाणीघराशी बायका जमल्या होत्या आणि त्यांतली एक सरळ म्हणाली, 'बांगड्या फोडा.' कुणी तिच्या तोंडावर हात ठेवला नाही. तो शब्द त्या एका दिवसासाठीच राखून ठेवलेला होता. मग बाकीच्या नियमांचाही उलगडा झाला: 'गेले' म्हणजे वारले, म्हणून जिवंत माणसानं 'जातो' म्हणायचं नाही. प्राणज्योत विझते, म्हणून समईनं विझायचं नाही. 2022 च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात सरकारनं इतर गावांनाही तो कित्ता गिरवायला सांगितलं. त्यात बंद करायच्या गोष्टी कोणत्या? कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे, जोडवी काढणे. माझ्या आजीनं तोंडातून काढू न दिलेली क्रियापदं तिथे एका ओळीत उभी आहेत. (तो ठराव बघायला ती नव्हती. असती तर काय म्हणाली असती, मला खरंच सांगता येत नाही.)

संस्कृत काव्यशास्त्रात 'अश्लील' हा दोष तीन प्रकारचा मानतात: लाज आणणारा, किळस आणणारा आणि अमंगल सुचवणारा. आपण आज अश्लील म्हणतो ते बहुतेक पहिल्यालाच. आजीच्या लेखी मात्र शिवी आणि 'बांगडी फुटली' यांची फडताळातली जागा एकच होती.

आता व्युत्पत्ती. धातुपाठात 'वर्ध छेदनपूरणयोः' असा एक धातू आहे, अर्थ कापणे आणि भरणे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात 'नाभिवर्धन' शब्द येतो, तो नाळ कापण्यासाठी. सुतार या अर्थाचा 'वर्धकि' आणि त्यातून आलेला हिंदीतला 'बढ़ई' याच गोत्रातले. त्यामुळे नारळ वाढवणे म्हणजे मुळात छेदणेच, असं मांडता येतं आणि ऐकायला छानही वाटतं. मला ते पटत नाही. नारळ, बांगडी इथवर ठीक, पण तांदूळ कोण कापतो? कुंकवाचं छेदन कसं करणार? हिंदीत दिवा मालवण्यालाही 'बढ़ाना' म्हणतात. अकबराच्या दरबारातल्या रहीमनं (1556–1627) कुपुत्राला दिव्याची उपमा देताना याच श्लेषावर दोहा बेतला आहे: 'बढ़े', म्हणजे मोठा झाला आणि विझलाही, की अंधार. तेव्हा इथे आपलं साधं वाढणेच आहे, घटीच्या जागी मुद्दाम बसवलेलं. कापण्याच्या धातूची आठवण मागे कुठे रेंगाळत असेलही, पण दिवा, तांदूळ आणि बांगडी यांना एका दाव्याला बांधायला ती पुरत नाही.

पत्रिकेपुरतं सांगायचं तर 'नारळ वाढवून' किंवा 'श्रीफळ वाढवून', दोन्ही चालेल. 'नारळ फोडून' हेही मराठी म्हणून चूक नाही, फक्त थोरल्यांची पेन्सिल पुन्हा फिरेल. 'श्रीफळ फोडून' तेवढं नको, सोवळं नेसून पायात बूट घातल्यासारखं दिसतं. आणि पत्रिका हिंदीतही काढणार असाल तर जपून. तिकडे 'दुकान बढ़ाना' म्हणजे दिवसाचं दुकान बंद करणं. पुढेमागे शाखा काढलीत आणि 'हम दुकान बढ़ा रहे हैं' असं छापलंत, तर एखादा जुना गिऱ्हाईक कुलूप कुठंय ते बघेल.