कानबाईच्या रोटाला आमची लेक बसेल ना?

ऑस्टिनजवळ राहणाऱ्या एका जोडप्याचं पत्र आलंय. दोघंही मूळचे अमळनेर तालुक्यातले, दोघांकडे आता अमेरिकेचं नागरिकत्व. सात वर्षांचा एक मुलगा आहे. दत्तक घेण्यासाठी काराकडे (भारत सरकारच्या दत्तक प्राधिकरणाकडे) नोंदणी झाली, होम स्टडी म्हणजे घराची-कुटुंबाची पाहणी झाली, आणि महाराष्ट्रातल्या एका संस्थेतल्या साडेतीन वर्षांच्या मुलीची माहिती त्यांच्यापुढे आली आहे. मुलीला जन्मापासून ऐकू येत नाही, आणि डाव्या हाताला तीनच बोटं आहेत. दोघांचं मन तिच्यावर बसलंय. गावाकडे मात्र सासूबाई फोनवर रडल्या, "आपला घरमा मुकी पोर कसाले?" (आपल्या घरात मुकी पोर कशाला?) सासरे म्हणतात, त्यापेक्षा पुतण्याचं धाकटं लेकरू घ्या, गावातच दत्तकपत्र करून टाकू. आणि पत्राच्या शेवटी ताईंनी विचारलंय: श्रावणात आमच्या खान्देशातली देवी कानबाई घरी बसते, तेव्हा तिच्या नैवेद्याचे रोट भाऊबंदांनीच खायचे असतात, त्या पंगतीत हिला बसवतील का?

ताई, भाऊ, आधी सासऱ्यांचं सांगते. गावात दत्तकपत्र करून मूल अमेरिकेला नेता येत नाही. एका देशातलं मूल दुसऱ्या देशात दत्तक देण्याबद्दलचा हेग करार भारताने 2003 मध्ये मान्य केला. आता परदेशात राहणाऱ्यांना नात्यातलं मूल घ्यायचं असलं तरी काराची परवानगी लागतेच, आणि अमेरिकेचा व्हिसाही त्याच कागदांवर मिळतो. नुसत्या कागदावर भरवसा ठेवला की लेकरू गावीच अडकतं आणि आईबाप तिकडे झुरतात. हे सासऱ्यांना शांतपणे सांगा. वाचकांपैकी जे वर्क व्हिसावर आहेत त्यांच्यासाठी: अमेरिकेतल्या या मार्गाला पती-पत्नींपैकी एक जण तरी तिथला नागरिक असावा लागतो. म्हणून नोंदणीआधी इमिग्रेशनच्या वकिलाला गाठा. बाकीची प्रक्रिया तुमची संस्था सांगेलच. दत्तक आदेश 2022 पासून कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात, आणि मूल घरी आल्यावर दोन वर्षं अहवाल पाठवावे लागतात.

आता खरं बोलायचं ते लेकीबद्दल. तुमच्या पत्रात कॉक्लिअर इम्प्लांटबद्दल (ऐकू यावं म्हणून शस्त्रक्रियेने कानात बसवायच्या यंत्राबद्दल) पाच प्रश्न आहेत आणि तिच्याशी बोलायचं कसं, याबद्दल एकही नाही. मला काळजी वाटली ती याची.

इम्प्लांट चांगलं आहे, त्याचा विचार जरूर करा. पण जन्मापासून ऐकू न येणाऱ्या मुलाला ते जितकं लवकर बसेल तितका फायदा जास्त. चार वर्षांच्या आसपास बसवलं तर किती उपयोग होईल हे मुलागणिक बदलतं. ऐकण्याची नस आहे का, कानाच्या आतली रचना कशी आहे, हे एमआरआयसारख्या तपासणीशिवाय कळत नाही. शस्त्रक्रियेनंतर मॅपिंग (यंत्र तिच्या कानाला जुळवून घेणं) आणि वर्षानुवर्षांची स्पीच थेरपी असते. तोवर ही पोर काय करणार? साडेतीन वर्षांत तिला कदाचित एकही पुरी भाषा मिळालेली नसेल. संस्थेतल्या मावशी प्रेमाने हातवारे करत असतील, ती ओढून, बोट दाखवून, रडून सांगत असेल. पहिल्या पाच वर्षांत मेंदूला कुठली तरी एक भाषा पक्की मिळावी लागते, मग ती जिभेची असो वा हातांची. ती मिळाली नाही तर पुढे वाचन, गणित, राग आवरणं, मैत्री, सगळंच जड जातं. म्हणून इम्प्लांटची तारीख ठरायच्या आधी तुमच्या घरात खुणांची भाषा सुरू झालेली असली पाहिजे. खुणा शिकवल्या तर मूल बोलायला आळस करेल, असं तुम्हाला अनेक जण सांगतील. त्यांचं ऐकू नका. एक भाषा पक्की असलेलं मूल दुसरीही लवकर उचलतं.

तुम्ही अमेरिकेत आहात, तेव्हा अमेरिकन साइन लँग्वेज शिका. भारतीय खुणांची भाषा निराळी आहे. तिची बोटांची अक्षरं दोन्ही हातांनी करतात, अमेरिकन अक्षरं एकाच हाताने. त्यामुळे डाव्या हाताच्या तीन बोटांची तुम्हाला जी भीती आहे ती सोडा: अक्षरं ती उजव्या हाताने करेल, दोन हातांच्या खुणा तिच्या हाताला जमतील तशा करेल, आणि समोरच्याला कळतील. बोटं कमी असलेली माणसं रोज खुणांनी बोलतात. अकुपेशनल थेरपिस्टला हात जरूर दाखवा, पण शर्टाच्या बाहीत तो लपवू नका, फोटोतही नाही.

ऑस्टिनमध्येच टेक्सास स्कूल फॉर द डेफ आहे, 1856 मध्ये स्थापन झालेली सरकारी शाळा. मुलगी येण्याआधी तिथे जाऊन या, कर्णबधिर मोठी माणसं बघा, त्यांच्याशी बोला. तुमच्या मुलालाही न्या. बहीण मोठी झाल्यावर कशी असेल हे त्याला दिसू द्या. अपंगत्व असलेल्या तीन वर्षांवरच्या मुलांना शाळा जिल्ह्याकडून आयईपी, म्हणजे त्या मुलापुरती खास शिक्षणाची लेखी योजना, मिळवण्याचा कायदेशीर हक्क आहे. त्यात खुणांची भाषा येणारी शिक्षिका मागा, लेखी मागा.

संस्थेत भेटायला जाल तेव्हा तिच्या मावशींकडून एक गोष्ट आठवणीने घ्या. पाणी, शी-शू, भूक, दुखतंय, भीती वाटते, यासाठी ती कोणत्या खुणा करते, ते मोबाइलवर चित्रित करा. मावशींचेही फोटो घ्या. विमान, तुमचं घर, तिची खाट, दादा, कुत्रा असेल तर कुत्रा, अशा फोटोंची छोटी वही करून आधीच संस्थेत पाठवा. आपल्याला कुठे नेताहेत हे तिला शब्दांत सांगता येणार नाही, चित्रांत येईल. रात्री खोलीत मंद दिवा ठेवा. अंधारात तिचं बोलणं आणि ऐकणं दोन्ही बंद होतं, आणि नव्या घरातल्या पहिल्या रात्री ते फार भयंकर असतं. जेवताना सगळे हसले आणि तिने "काय झालं?" म्हणून बघितलं, तर "नंतर सांगते" म्हणू नका. तेव्हाच सांगा, भाकरी गार होऊ द्या.

इतर शारीरिक वेगळेपण असलेल्या मुलांबद्दलही काहींनी विचारलंय. फाटलेला ओठ-टाळू, वाकडे पाय, यांवर उपचार आहेत. बाळाच्या वाकड्या पायांना दर आठवड्याला प्लास्टर बदलतात, मग कित्येक वर्षं रात्री ब्रेस लागतो. तो ब्रेस रोज न चुकता घालणं हेच तुमचं मुख्य काम. आपल्याकडे अजून म्हणतात की आईने ग्रहणात काही चिरलं म्हणून ओठ फाटला. तसं नाही. ओठ गरोदरपणाच्या पहिल्या दोन महिन्यांतच जुळतो, आणि न जुळण्याचं कारण ग्रहणात नसतं. नातेवाइकांच्या तोंडून हे मुलासमोर निघालं तर तिथल्या तिथे थांबवा. आणि विशेष गरजा असलेलं मूल लवकर मिळतं एवढ्याच कारणासाठी कुणी अर्ज भरत असेल, तर कृपा करून भरू नका.

आता सासूबाई. त्या दुष्ट नाहीत, घाबरल्या आहेत. "मुकी" पोर म्हणजे गावातली, ओसरीच्या कोपऱ्यात बसवलेली, शाळेत न गेलेली कुणीतरी त्यांच्या डोळ्यांसमोर असणार. त्यांना परवानगी विचारू नका. निर्णय सांगा, आणि त्यांना काम द्या. व्हिडिओ कॉलवर रोज दोन-तीन खुणा शिकवा: ये, जेव, आजी, छान, झोप. शेताच्या या बांधावरून त्या बांधावर हातवाऱ्यांनी बोलत त्यांचं आयुष्य गेलंय, त्या तुमच्यापेक्षा लवकर शिकतील. नवस, बाबा, झाडपाला यांतलं काही करणार नाही, हे मात्र आधीच स्पष्ट सांगा. आणि कुणी "केवढं पुण्य केलं हो" म्हणालं तर तिच्यासमोर ते चालू देऊ नका. तुमच्या मुलाला जन्म दिला तेव्हा पुण्य म्हणून कुणी वाखाणलं नव्हतं.

रोटाबद्दल. दत्तक आदेश झाला की ती कायद्याने तुमची लेक, तुमच्या कुळाची. रोट भाऊबंदांचे असतील तर ती भाऊबंदांतच आली. हे भावकीला सासऱ्यांनी सांगायला हवं, तुम्ही नाही. तुमच्या घरी कानबाई बसवण्याचा मान त्यांचा आहे. त्यांच्याशी हे आत्ताच बोला, श्रावणाची वाट बघू नका. ते नाहीच म्हणाले तर त्या वर्षी तुम्ही चौघंही पंगतीला बसू नका. तिला एकटीला बाजूला ठेवून तुम्ही तिघांनी रोट खाणं, हे मला मान्य नाही.

या आठवड्यात दोन कामं करा. तिच्या वैद्यकीय अहवालात बेरा चाचणीचा (ऐकण्याच्या नसेच्या तपासणीचा) कागद आहे का ते बघा, नसेल तर संस्थेकडून मागवा आणि तुमच्या ऑडिऑलॉजिस्टला दाखवा. दत्तक मुलाचा अहवाल आपल्या डॉक्टरकडून तपासून घेण्याची मुभा नियमांत आहे. आणि साइन लँग्वेजच्या वर्गात चौघांची नावं नोंदवा: तुमची दोघांची, मुलाची, आणि ऑनलाइन वर्ग मिळाला तर आजीचं.