संघ मोठा की खेळायला मिळणं मोठं?

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत राहतो. 11 वर्षांची लेक सॉफ्टबॉलमध्ये कॅचर (फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारी) आहे. नावाजलेल्या ट्रॅव्हल संघाने (बाहेरगावी स्पर्धा खेळणाऱ्या निवडक संघाने) तिला घेतलंय, पण तिथे आधीच दोन कॅचर आहेत. जुन्या, साध्या संघात ती प्रत्येक सामना खेळते. काय करावं?

उत्तर: ताई, या वयात मी खेळण्याच्या बाजूने. 12 वर्षांखालील गटात चेंडू 11 ऐवजी 12 इंच घेराचा होतो, पिचिंगचं (चेंडू टाकण्याचं) अंतर 35 वरून 40 फूट. हात नि नजर सामन्यातच बसतात. माझी लेक मोठ्या संघात हंगामभर बाकावर होती. रविवारी परतताना गाडीत गप्प बसायची, ते अजून सलतं. मात्र जुन्या संघातले पिचर स्ट्राइकच (फलंदाजाच्या टप्प्यातले चेंडू) टाकत नसतील, तर कॅचर नुसती चेंडू आणायला धावते. ते आधी पाहा. नव्या प्रशिक्षकांना थेट विचारा: स्पर्धेत शनिवारच्या गटसामन्यांत (बाद फेरीआधीच्या) तिला किती डाव कॅचिंग मिळेल?